गोजराक्काचा उतार

फार वर्षांपूर्वी, गोमळा नदीवर पूल नव्हता आणि पूल कशाला म्हणतात हे सांगायलाही उतारवाडीत कुणी नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा नदीचं जे चाले ते गावाचं चाले.

गोमळा दिसायला गरीब. पावसाळा सरला की निळीशार, शांत, मांडीएवढ्या पाण्याची. पण तिच्या पोटात काय चाललंय ते तिचं तिलाच ठाऊक. दर पावसाळ्यात ती आपली वाळू इकडची तिकडे करते. गेल्या साली जिथून बैलगाडी गेली तिथे यंदा डोह, आणि गेल्या सालच्या डोहात यंदा पोरं मासे धरतात. म्हणून पूर ओसरला की कुणीतरी पाण्यात शिरून पलीकडे जायची वाट नव्याने शोधायची आणि तिच्या कडेकडेने काठ्या रोवून वर लाल चिंध्या बांधायच्या. या वाटेला उतार म्हणतात आणि ती शोधण्याला उतार धरणं. गावाचं नावही त्यावरूनच पडलं.

उतार धरायचं काम कोळ्यांच्या एका घराकडे होतं. त्या घरची सून गोजरा. तिचा नवरा पलटणीत गेला तो परत आला नाही. सासरा थकला तेव्हा त्याने आपला बांबू सुनेच्या हातात दिला. गावातले चार लोक कुरकुरले, बाईमाणूस कुठे उतार धरतं का म्हणाले. पण गोजराने पहिल्याच वर्षी असा उतार धरला की त्या कुरकुरणाऱ्यांच्याच बायकांचे भाऊ भाऊबीजेला वेळेवर येऊन पोचले. मग घरात कुरकुरायची सोय राहिली नाही.

असं म्हणतात की, गोजरा नदीकडे पाठ करून उभी राहिली तरी नुसत्या आवाजावरून कुठे किती पाणी ते सांगायची. वाळूवर टाच दाबली की ती वाळू यंदाची की जुनी, हे तिला कळायचं. पाण्यावर मासा कसा उसळतो ते पाहून ती खोली सांगायची. यातलं निम्मं खरं असेल. निम्मं खरं असलं तरी पुष्कळच झालं. आणि हे सगळं तिलाही माहीत होतं. तोंडाने ती कधी काही बोलली नाही, पण बांबू खांद्यावर टाकून काठावरून निघाली की नदी तिच्या माहेरची असावी अशी चालायची.

तिची एक म्हैस होती. अंगाने काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदी. गावच्या म्हशी चांदीच्या मागे चालत. ती बसली की बसत, उठली की उठत. गोजराचा तिच्यावर जीव होता, पण अकलेच्या बाबतीत म्हैस ती म्हैसच, असं गोजरालाही वाटे. आपल्यालाही वाटतंच की.

एका साली पाऊस लांबला. दिवाळी तोंडावर आली तरी नदी गढूळच. गावातल्या सासुरवाशिणी रोज पाण्याला जायचं निमित्त करून काठावर उभ्या राहायच्या. उतार नाही तर भाऊ नाही, आणि भाऊ नाही तर वर्षभर वाट बघितली ती कशासाठी? गोजराचाही भाऊ पलीकडच्या मळेवाडीतून येणार होता. त्याचं नाव हैबती. माणूस आडदांड, आणि बहिणीकडे रिकाम्या हाताने येणं त्याला ठाऊक नव्हतं.

शेवटी पाणी निवळलं. गोजरा बांबू घेऊन नदीत शिरली. पावलापुढे बांबू ठोकत, कान देत, टाच दाबत ती पलीकडे गेली आणि परत आली. वाळू घट्ट लागली, बांबू ठणकन वाजला. तिने काठ्या रोवल्या, चिंध्या बांधल्या, आणि सासुरवाशिणींनी घरी जाऊन करंज्या करायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी पाडवा. पाडव्याला आपल्याकडे म्हशींना सजवतात. शिंगं रंगवली, गळ्यात माळा घातल्या, हलगी लावून म्हशी नदीवर नेल्या. चांदी पुढे होती. ती पहिल्या काठीपाशी आली आणि थांबली. पाण्याला नाक लावलं. एकदा फुरफुरली. मग काठ्या सोडून ती सरळ वरच्या अंगाला गेली, जिथे गोजराच्या आठवणीत कायम डोहच होता, आणि तिथून लांब वळसा घेऊन पलीकडे निघाली. तिच्यामागे सगळ्या म्हशी.

"गोजराक्का, तुझी म्हस तुझाच उतार मानंना की गं," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

गोजराही हसली. "तिला पवता येतंय," ती म्हणाली. "पवणाऱ्याला डोह काय आन् उतार काय. सणाचं जरा लाडात आलीया."

बोलणं अगदी बरोबर होतं. त्यात एकही चूक कुणाला काढता आली नसती. पण चांदी त्या डोहातून पोहत गेली नव्हती, चालत गेली होती. तिची पाठ सबंध वाटेत पाण्याच्या वर होती. हे गोजराच्या डोळ्यांना दिसलं, पण मनापर्यंत पोचलं नाही.

भाऊबीजेच्या सकाळी ती ओवाळणीचं ताट घेऊन काठावर आली. पलीकडून हैबती निघाला होता. डोक्यावर नव्या भाताचं पोतं. काठ्यांच्या कडेने तो झपझप येत होता, लांबूनच बहिणीला ताट दाखव म्हणून हात हलवत होता. मध्यावर आल्यावर तो एकदम कमी झाला. आधी गुडघ्यापर्यंत आत गेला, मग कमरेपर्यंत. ती चोरवाळू होती. वरून कवच घट्ट, खाली नुसती लापशी. हलक्या अंगाच्या गोजराला त्या कवचाने झेललं होतं, भाताच्या पोत्याला झेललं नाही. लोक धावले. पोचेपर्यंत पाण्यावर फक्त काठी उरली होती आणि तिच्यावरची लाल चिंधी.

ताटातलं निरांजन तसंच जळत राहिलं, असं म्हणतात. गोजराने ते विझवलं नाही आणि वाऱ्यानेही विझवलं नाही.

गावाने तिला एका शब्दाने दोष दिला नाही. नदीनं नेलं म्हणाले. पण हैबतीची बायको तानू काठावर आली, तेव्हा तिने सरळ गोजराच्या तोंडावर सांगितलं, "वन्सं, तुमच्या काठ्या बघून आलं माझं माणूस. नदी बघून आलं असतं तर जगलं असतं." आणि ती वळून मळेवाडीला निघून गेली.

गोजरा नदीत शिरली आणि तिने एकेक करून सगळ्या काठ्या उपटल्या. हैबती गेला तिथली एकच ठेवली, तिची चिंधी मात्र सोडून घेतली. मग ती गोठ्यात जाऊन चांदीसमोर बसली. जे मला कळलं नाही ते हिला कसं कळलं, एवढा एकच प्रश्न तिच्या डोक्यात राहिला. आणि गोजराच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमत नसे.

त्या दिवसापासून ती चांदीच्या मागे राहिली. चांदी चरेल तिथे ती चरेस्तोवर बसे. चांदी पाण्यात बसली की ही गळ्यापर्यंत पाण्यात. चांदीने पाण्याला नाक लावलं की ही पालथी पडून नाक लावी. डोळे बांधून चालून बघितलं, कानात कापूस घालून बघितलं, हातापायांवर रांगून बघितलं. लोक म्हणाले, भावाच्या दुःखाने बाईला वेड लागलं. सासू रडली, सासऱ्याने हात जोडले. गोजरा म्हणाली, "मामंजी, मी येडी न्हाय. शिकतीया." आणि पुन्हा म्हशीमागे गेली.

पुढे लोकांनी पुष्कळ काही जोडलं. असं म्हणतात की तिच्या तळपायांना खुरांसारखी कातडी आली. असं म्हणतात की चांदी तिच्याशी रात्री बोलायची. ज्यांना विश्वास ठेवायचा त्यांनी ठेवावा, कुणाचं काही जात नाही. पण खुद्द गोजराने काय सांगितलं ते गावाने जपून ठेवलं आहे. सबंध एक साल सरत आल्यावर पाटील तिला म्हणाले, "मग गोजरे, काय शिकलीस म्हशीपासनं?"

"कायबी न्हाय," ती म्हणाली.

"काय सांगतीस? वरीसभर?"

"वरीसभर. वासानं कळतं का, खुरानं कळतं का, का आनखी कशानं, मला न्हाय कळलं. नाक माझं बी हाय, पाय माझं बी हायेत. पर तिला कळतं आन् मला न्हाय कळत, येवढं कळलं."

पाटील म्हणाले, "मग आता उतार कोण धरनार?"

"मीच," गोजरा म्हणाली. "पर माझ्या अकलंनं न्हाय."

त्या पाडव्याला तिने पदराने डोळे बांधले, चांदीचं शेपूट धरलं आणि नदीत शिरली. डोळे का बांधले, तर उघडे ठेवले की पाय डोळ्यांचं ऐकतात. चांदी वाकडी गेली तिथे ही वाकडी गेली, चांदी थांबली तिथे थांबली. पलीकडे पोचल्यावर परत फिरून तिने खुरांच्या मागे काठ्या रोवल्या. उतार चांगलाच विचित्र निघाला, नागमोडी. पण त्यावरून सगळे भाऊ आले. मळेवाडीकडून मात्र गोजरासाठी कुणी येणार नव्हतं. ती काठावर आलीच नाही.

आता खरी गोष्ट पुढेच आहे.

नदीच्या मधोमध एक बेट होतं. मातीचं, सुपीक. दिवाळी झाली की तिथला भुईमूग काढायला दोन्ही गावच्या बाया जात. त्या साली मळेवाडीकडून आलेल्या बायांत तानूही होती. नणंद-भावजय एकाच वावरात राबत होत्या, पण एकीने दुसरीकडे पाहिलं नाही. म्हशी बेटाच्या टोकाला चरत होत्या. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत.

दुपार कलली नव्हती. चांदी चरायची थांबली. तिने मान वर केली आणि उतारवाडीच्या काठाकडे तोंड करून उभी राहिली. एकेक करून सगळ्या म्हशी तिच्याजवळ आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. तोंडातला चारा तोंडात.

गोजराने हातातला वेल खाली टाकला. तिने आभाळ पाहिलं, तिथे काही नव्हतं. कान दिला, काही नाही. पाण्यात हात घालून पाहिला, पाणी कालचंच. तिच्या जवळ जे जे होतं ते सगळं सांगत होतं की काही झालेलं नाही. ती उठली.

"चला गं. निगायचं."

"कुठं?" बाया म्हणाल्या. "निम्मं वावार पडलंय."

"चांदीनं काठाकडं तोंड केलंय. आपुन बी निगायचं. समद्या आमच्या काठाला."

"काय झालंय ते तरी सांग."

"मला ठावं न्हाय," गोजरा म्हणाली. "माझ्या डोळ्याला कायबी दिसत न्हाय. मागल्या बारीला बी दिसत नव्हतं."

हे ऐकल्यावर एकेक बाई उठली. कुणी खुरपं कमरेला खोचलं, कुणी नाही. सगळ्या पाण्याकडे आल्या आणि सवयीने काठ्यांच्या दिशेने वळल्या. आठवड्यापूर्वीच रोवलेल्या काठ्या, चांदीच्याच खुरांमागे रोवलेल्या. पण चांदी काठ्यांकडे गेली नाही. ती खालच्या अंगाला वळली. सरळ त्या बिनचिंधीच्या, पावसाळ्यातही न हललेल्या काठीकडे, जिथे हैबती गेला होता.

बायांचे पाय जागच्या जागी थांबले.

"गोजराक्का, तिकडं न्हाय गं," एकजण म्हणाली. "तुझ्या काठ्या हिकडं हायेत."

गोजराचे पाय, तिचे कान, तिची वर्षानुवर्षांची सवय, सगळं ओरडून सांगत होतं की तिथे मरण आहे. ती जागा तिला झोपेतही दिसत असे. तिने पदर फाडला आणि डोळ्यांना बांधला.

"काठ्या मागल्या आठवड्याच्या," ती म्हणाली. "म्हस आजची हाय. डोळं बांधा आन् शेपटं धरा."

सगळ्यांनी धरली. ज्यांना शेपूट मिळालं नाही त्यांनी पुढचीचा पदर धरला. एकटी तानू बेटावर उभी राहिली.

"मी न्हाय यायची," ती म्हणाली. "तुमच्या मागनं एकदा आमच्या घरातलं गेलं. दोनदा न्हाय."

गोजराने डोळ्यांवरची पट्टी वर केली. तानूला हाताला धरून पाण्याशी आणलं आणि चांदीचं शेपूट तिच्या हातात दिलं. म्हणाली, "वहिनी, माझ्या मागं येऊच नगंस. मी बी आता माझ्या मागं जात न्हाय. तू हिच्या मागं जा, मी तुझ्या मागं येते. बुडालो तर आधी मला शिव्या दे."

तानूने तिच्याकडे पाहिलं. त्या वर्षात ती पहिल्यांदाच पाहत होती. गोजराच्या चेहऱ्यावर खात्री नव्हती. खात्री असती तर तानू गेली नसती, असं ती पुढे सांगायची. तिने डोळे बांधले, शेपूट मुठीत घट्ट धरलं. गोजराने आपली पट्टी खाली ओढली आणि तिचा पदर धरला.

अशी ती रांग निघाली. पुढे म्हैस, मागे आंधळ्या झालेल्या बाया. पाणी कमरेला आलं. त्या बिनचिंधीच्या काठीपाशी आल्यावर चांदी जराशी थांबली. हात सोडावा आणि पळावं असं गोजराला वाटलं. तिने दातांवर दात दाबले आणि पदर सोडला नाही. चांदी पुढे निघाली. आणि तानूच्या पायाखाली काहीतरी लागलं. घट्ट, टणक, थोडं गोलसर, भाताच्या भरल्या पोत्यासारखं. त्यावर पाय देऊन ती पुढे गेली. मागच्या प्रत्येकीने त्यावर पाय दिला.

मध्येच वरून आवाज आला. डोंगरात कुठे पाऊस झाला होता कोण जाणे, इथे तर ऊन पडलं होतं. लाल पाणी झाडं घेऊन आलं. गोजराच्या रोवलेल्या नागमोडी काठ्या त्याने काडीसारख्या उचलल्या. असं म्हणतात की ते पाणी हैबतीच्या काठीपाशी येऊन थबकलं. खालून हैबतीने खांदा लावला होता, शेवटची बाई काठाला लागेपर्यंत त्याने तो काढला नाही. असंही म्हणतात की पाणी चांदीच्या शिंगांपाशी दुभंगलं आणि मधून वाट राहिली. काय झालं हे डोळ्यांनी कुणीच पाहिलेलं नाही, सगळ्यांचे डोळे बांधलेले होते. सगळ्या काठावर आल्या एवढं मात्र खरं, कारण आज गावातली निम्मी घरं त्यांच्या पोटची आहेत.

काठावर पाय लागल्यावरही तानूने पट्टी काढली नाही. तिने हात मागे नेऊन चाचपलं. गोजराचा खांदा लागला, मग तोंड लागलं. "वन्सं, पोचलात?" तिने विचारलं.

"पोचलो, वहिनी," गोजरा म्हणाली, आणि वर्षभराचं रडू तिला तिथे आलं. बेट तोवर पाण्याखाली गेलं होतं.

पुढच्या भाऊबीजेला हैबतीच्या जागी तानू आली. डोक्यावर नव्या भाताची पाटी, डोळ्यांवर पट्टी, हातात चांदीचं शेपूट. गोजराने आधी चांदीला ओवाळलं, मग भावजयीला.

गोजराक्का कधी गेली ते कुणाला सांगता येत नाही. असं म्हणतात की खूप म्हातारी झाल्यावर एका पाडव्याला ती उतार धरायला नदीत शिरली. चांदी तोवर कधीच मरून गेलेली असायला हवी होती, पण लोकांनी तिच्या पुढे पांढऱ्या ठिपक्याची म्हैस पाहिली. दोघी या काठाला लागल्या नाहीत आणि त्या काठालाही नाहीत. नदी त्या दिवशी गुडघाभर होती.

आता गोमळेवर पूल आहे. तरी पाडव्याला उतारवाडीच्या म्हशी शिंगं रंगवून नदीवर येतात. कोळ्यांच्या त्या घरातलं थोरलं माणूस बांबू घेऊन काठावर उभं राहतं. गाव विचारतं, "उतार कुठं?" ते सांगतं, "मला ठावं न्हाय." मग जिथे सगळ्यांची अक्कल सांगते तिथे एक काठी रोवतात, चिंधी न बांधता. तिला हैबतीची काठी म्हणतात. आणि मग म्हशी सोडतात. म्हैस कुठे जायची तिथे जाते आणि लाल चिंध्यांच्या काठ्या तिच्या मागून रोवल्या जातात. कधीमधी ती बरोबर त्या बिनचिंधीच्या काठीवरूनच जाते. त्या साली गाव पोट धरून हसतं आणि काठीला नारळ फोडतं.

भाऊबीजेला भाऊ मोटरसायकलवरून येतात. पुलाच्या त्या तोंडाला गाडी लावतात, डोळ्यांना फडकं बांधतात आणि म्हशीचं शेपूट धरून पाण्यातून येतात. इकडे बहीण ताट घेऊन उभी असते. तिनेही डोळे मिटलेले असतात. भाऊ आला हे तिने डोळ्यांनी पाहायचं नसतं. ताट खाली ठेवायचं, हात पुढे करायचा, त्याचं तोंड चाचपायचं, आणि विचारायचं, "पोचलास?"

तो "पोचलो" म्हणाला की मगच ती त्याची पट्टी सोडते आणि स्वतःचे डोळे उघडते.